कंट्रोल टाकीतले रोहू

एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी रोहूच्या यकृतातलं एएलटी मोजायचं ठरवलं. आपल्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी म्हणून येतं, तेच हे विकर. रक्तात वाढलं तर ते यकृताच्या दुखावलेल्या पेशींतून गळलंय असं धरतात. मी थेट यकृतातच मोजणार होते. तिथे वाढलं, तर मासा अमिनो आम्लांपासून ग्लुकोज बनवू लागलाय असा अर्थ निघू शकतो.

बोटुकली, म्हणजे रोहूची बोटभर लांबीची पिल्लं, आणली. एक टाकी तुलनेसाठी २८ अंशांवर, ती कंट्रोल; दुसरी, उष्णतेचा परिणाम पाहायला, रोज एकेक अंश वाढवत ३३ वर. सबमिशनची घाई होती, म्हणून मासे आणल्यावर तिसऱ्याच दिवशी हीटर सुरू केला.

रीडिंग आली तेव्हा दोन्ही टाक्या सारख्याच निघाल्या. मी रसायनं नव्याने बनवली, पायरुव्हेटचा स्टँडर्ड, म्हणजे ठरावीक प्रमाणाचा तुलनेचा नमुना, पुन्हा लावला, ५०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात पुन्हा पुन्हा वाचलं. तेच आकडे. मॅडमनी माझी वही उघडलीच नाही. टाकीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खातायत का गं हे?"

खात नव्हते. शेंगदाणा पेंड तळाशी तशीच पडलेली, आणि मी ती रोज निमूट काढून टाकत होते. उपाशी मासाही प्रथिनं मोडून ग्लुकोज बनवतो. मी उष्णतेचा परिणाम शोधत होते आणि मोजत होते बहुधा उपासमार, तीही दोन्ही टाक्यांत. त्या माशांचं मला फार वाईट वाटलं. त्यांचे जीव माझ्या घाईपायी गेले.

दुसऱ्या खेपेला दोन आठवडे थांबले. उघड्या पिंपात ठेवून क्लोरीन उडालेलं पाणी, पेंड आणि भाताचा कोंडा. पेंड टाकताच मासे वर झेपावू लागले, तेव्हाच हीटर लावला.

विच्छेदन मात्र शेवटपर्यंत अवघडच गेलं. लवंगतेलाने मासा पूर्ण बेशुद्ध करायचा. रोहूचं यकृत एका गोळ्यात नसतं, आतड्याच्या वेटोळ्यांत पसरलेलं असतं, स्वादुपिंडात मिसळलेलं. पित्ताशय फुटलं की सगळं हिरवं; तो नमुना बाद. मे महिन्यात बर्फ वितळायच्या आत सगळं उरकायचं.

या वेळी पहिल्या आठवड्यात गरम टाकीचं एएलटी स्पष्ट वर गेलं. काही मासे जास्तीचे होते, ते मी तिसऱ्या आठवड्यात तपासले. त्यांचे आकडे कंट्रोलच्या जवळ परतले होते. पाणी अजूनही ३३ अंशांवरच होतं, आणि मासे खात होते.