नववीतला वाद

आमच्या मराठीच्या बाईंनी धडा नुसता वाचून कधी संपवला नाही. नववीला लक्ष्मीबाई टिळकांचा उतारा होता, तर बाईंनी त्यांचे अख्खे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वर्गात आणले आणि ऑफ तासालाही वाचत राहिल्या. तोवर रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणजे जखमी पक्षिणीच्या कवितेखालचे नाव, एवढीच आमची ओळख.

टिळक आणि लक्ष्मीबाईंचे लग्न १८८० सालचे. मुलगी गोखल्यांची मनू, नवरा कवी, लहरी, केव्हाही घर सोडून निघून जाणारा, देवासाठी कासावीस. १८९३ मध्ये आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांच्या हाती बायबल ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण संसार संपलेला. ना सवाशिणीचा मान, ना मोकळेपणाने रडायची सोय.

इथे वर्गात वाद पेटला. आम्ही मुली टिळकांवर भयंकर चिडलो. मुले म्हणाली, त्यांना खरे वाटले ते त्यांनी केले. बाई म्हणाल्या, "रागवा गं, हक्काने रागवा. पण पुढचं ऐका."

पुढचे मला आजही सर्वांत मोलाचे वाटते. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या त्या बायको म्हणून, ख्रिस्ती होऊन नव्हे. सोवळेओवळे, वेगळा स्वयंपाक, सगळे चालू ठेवून. ज्या धर्मासाठी टिळकांनी घरदार सोडले, तो त्यांनी तिच्यावर लादला नाही. जातिभेद माणसांनीच केला, हे तिला तिच्या विचाराने उमगले आणि १९०० मध्ये तिने आपणहून बाप्तिस्मा घेतला. प्रेमात एवढी वाट पाहता येते, हे त्या वयात आम्हांला दुसरे कोण सांगणार होते? तरी विरहाच्या त्या वर्षांसाठी टिळकांना मी पूर्ण माफ केलेले नाही. बाईंनीही तसा आग्रह धरला नव्हता.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. ९ मे १९१९ रोजी ते गेले. ख्रिस्ताच्या चरित्रावरचे त्यांचे काव्य 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याच्याच प्रोत्साहनाने लिहू-वाचू लागलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात सुमारे ६४ अध्यायांची भर घालून ते पूर्ण केले. माझे यजमान गेल्यावर मी ही पाने पुन्हा काढली. दुःखात माणूस नुसता बसून राहत नाही, गेलेल्याचे काम हाती घेतो, हे तेव्हा मला आतून पटले.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेच्या ग्रंथालयाला 'स्मृतिचित्रे'च्या काही प्रती देत आहे. कपाटात कुलपाखाली ठेवू नयेत. नववीच्या वर्गात मोठ्याने वाचाव्यात, आणि मुलींना टिळकांवर रागावू द्यावे.