पापास अरुगादास, मोहो आणि गोफिओ : सातव्या खेपेपर्यंतची नोंद

स्पेनच्या कॅनरी बेटांवरचे सुरकुतलेले बटाटे, म्हणजे पापास अरुगादास. जिन्नस दोनच, बटाटा आणि मीठ. तरी सात खेपा झाल्या, आणि त्यातल्या निम्म्या एकाच चुकीत गेल्या.

आधी बटाट्याबद्दल. तिथे बटाट्याला ‘पापा’ म्हणतात, हा दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतला शब्द. स्पेनच्या मुख्य भूमीवर मात्र ‘पताता’. (आपला बटाटा पोर्तुगीज ‘बताता’वरून आला.) या बेटांवर तो फार लवकर रुजला. १५६७ साली त्यातल्या ग्रान कानारिया बेटाहून आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पला बटाट्याची पिंपं गेल्याची नोंद आहे. तिथले जुने वाण अजून पिकतात. त्यातला ‘पापा नेग्रा’ बाहेरून काळपट आणि आतून अंड्याच्या बलकासारखा पिवळा असतो. ‘किंग एडवर्ड’ या इंग्रजी वाणाचं तिथल्या तोंडी ‘चिनेग्वा’ झालं. हे वाण आपल्याकडे मिळत नाहीत. ३ ते ४ सेंटिमीटरचे, पातळ सालीचे, ताजे बटाटे निवडले की काम होतं. शीतगृहातले नकोत. थंडीत स्टार्चची साखर होते आणि मिठाच्या पापुद्र्याखाली तो गोडवा विचित्र लागतो. हा पदार्थ सालीसकट खातात, म्हणून हिरवट डाग असलेला एकही बटाटा घेऊ नका.

खेप १ आणि २ : १ किलो बटाटे, ६० ग्रॅम मीठ, पातेलंभर पाणी. बटाटे नुसते उकडले. साल गुळगुळीत.

खेप ३ : मीठ २५० ग्रॅम, पाणी बटाटे जेमतेम बुडतील इतकं, साधारण १ लिटर. २२ मिनिटांनी पाणी ओतून बटाटे ताटात काढले. काही पांढरे ठिपके दिसले, सुरकुती एकही नाही. इथवर आम्ही मीठच वाढवत होतो, आणि चूक तीच होती. किनाऱ्यावर हे बटाटे समुद्राच्या पाण्यातही शिजवत आले आहेत. त्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅमच क्षार असतात, तरी साल सुरकुतते. म्हणजे सुरकुती पडते ती उकळताना नाही, पाणी काढल्यावर पातेलं पुन्हा आचेवर ठेवून बटाटे कोरडे करताना. सालीलगतचा ओलावा उडतो, साल आकसते, आणि अंगावरचं खारं पाणी आटून त्याचे स्फटिक होतात.

खेप ४ : पाणी काढताना तळाशी २-३ मोठे चमचे ठेवलं. मंद आच, झाकण नाही, पातेलं दोन्ही कानांना धरून सतत हलवायचं. चौथ्या मिनिटाला पांढरी पूड दिसू लागली आणि सहाव्याला साल आकसली. पण बटाटे आधीच जास्त शिजलेले, त्यामुळे हलवताना फुटले. जिथे साल फाटली तिथे मीठ आत शिरलं आणि तो घास खाण्याजोगा राहिला नाही. साल शाबूत असेल तर आतला गर अजिबात खारट होत नाही. म्हणून धुताना ब्रशने घासू नका, हातानेच चोळा.

खेप ५ : सगळं पाणी निथळून पाहिलं. सुरकुती आली, पण मीठ पाण्याबरोबर गेल्यामुळे पापुद्रा विरळ. खेप ६ मध्ये उलट, पाणी जास्त राहिलं, तर बटाटे शिजतच राहिले.

खेप ७ : खेप ४ चीच पद्धत, फक्त बारीक सुई मध्यापर्यंत थोडा अडखळा देत गेली की लगेच, म्हणजे १८ व्या मिनिटाला, पाणी काढलं. उरलेलं शिजणं कोरडं करताना होतं. खडेमीठ वापरलं, पातेलं जाड बुडाचं स्टीलचं. इतक्या खाऱ्या पाण्याने ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. राखाडी-पांढरा, बोटाला खरखरीत लागणारा पापुद्रा आला. हवा होता तो हाच.

मोहो रोहो, म्हणजे लाल मोहो. हा शब्द पोर्तुगीज ‘मोल्यो’वरून, अर्थ रस्सा किंवा सॉस. तिथे रंगाला ला पाल्मा बेटाची सुकी मोठी मिरची आणि तिखटाला ‘पिकोना’ ही झणझणीत मिरची. आमच्या मापात ६ बेडगी, १ लवंगी, लसूण ३० ग्रॅम, भाजलेलं जिरं १ छोटा चमचा, खडेमीठ अर्धा, व्हिनेगर २ मोठे चमचे, ऑलिव्ह तेल १०० मिलि. मिरच्या बिया काढून ४० मिनिटं गरम पाण्यात ठेवाव्या लागतात. २० मिनिटांत सालीचे कपटे तसेच राहिले. खलात आधी जिरं आणि मीठ, मग लसूण, मग मिरची. खड्यांच्या धारेनेच लसणाचा लगदा होतो. मिक्सर घेतलात तरी तेल शेवटी हाताने ढवळा. पात्यांखाली ऑलिव्ह तेल कडवट होतं आणि रंग फिकट गुलाबी पडतो.

हिरव्या मोहोत कोथिंबीर ६० ग्रॅम, बाकी तसंच, मिरची हिरवी. व्हिनेगर वाढायच्या वेळी घाला. आम्लाने तासाभरात हिरवा रंग शेवाळी होतो. दोन्ही मोहो फ्रिजमध्येच ठेवा आणि ४ दिवसांत संपवा. कच्चा लसूण तेलात घालून बाहेर ठेवणं धोक्याचं आहे.

गोफिओ अजून अर्ध्यावर आहे. धान्य आधी भाजून मग दळलेलं पीठ, म्हणजे आपल्या सातूच्या पिठाचा सख्खा भाऊ. बेटांवरचे मूळ रहिवासी ते जवाचं करत, आता गहू आणि मका जास्त. १ किलो मका कढईत भाजला तेव्हा बाहेरून करपला आणि आत कच्चा राहिला. तिथे पूर्वी मातीच्या भांड्यात वाळू घालून भाजत, आपला भडभुंजा भाजतो तसं. वाळूने उष्णता दाण्याला सगळीकडून सारखी मिळते. गव्हाची खेप मात्र मंद आचेवर २५ मिनिटांत नीट जमली.

त्याचा एस्काल्दोन केला : १८० ग्रॅम गोफिओ, ५०० मिलि उकळता माशाचा रस्सा. एकदम ओतला तर गुठळ्या होतात, कारण गोळ्याचा बाहेरचा थर लगेच शिजून आतलं पीठ कोरडं अडकतं. तीन भागांत ओतून घोटला की सरसरीत होतो. वर पुदिना आणि लाल मोहो. लाल कांद्याची कच्ची पाकळी चमच्यासारखी धरून खायचा.

पुढची खेप वाळूत भाजलेल्या मक्याची. वाळू धुऊन, वाळवून, दोनदा चाळून ठेवली आहे. चाळणीची भोकं मक्याच्या दाण्यापेक्षा लहान आणि वाळूच्या सर्वांत मोठ्या कणापेक्षा मोठी हवीत, नाहीतर दळताना कचकच येईल.