भाड्याच्या वादात वकील करताना

आज दिवसभर भाडेवादाचे कागद चाळताना पुन्हा तेच जाणवलं: लोक वकिलाकडे रिकाम्या हाताने जातात. भाडेकरार, पावत्या किंवा बँकेचं स्टेटमेंट, डिपॉझिटचा पुरावा, आलेली नोटीस पाकिटासकट (मुदत मोजताना त्यावरचा शिक्का लागतो) आणि एका पानावर तारीखवार घटनाक्रम, एवढं आधी जमवा. फी एकरकमी की तारखेगणिक, कोर्ट फी त्यात धरलीय का, हे लेखी घ्या.

आणि कृपा करून रागाच्या भरात भाडं थांबवू नका! गळतीची तक्रार शंभर टक्के खरी असली, तरी थकबाकी दिसली की घर खाली करून घ्यायला समोरच्याला आयतं कारण मिळतं. मालकांनीही परस्पर कुलूप बदलू नये, वीज-पाणी तोडू नये. भक्कम केस तिथेच फिरते.