‘ना’ नीट लागेना

हात बधिर होतात म्हणून येणारं गिऱ्हाईक सहसा दुखणं सांगत नाही, थेट औषधच मागतं. ‘जेलचे ग्रिप आहेत का?’ नाहीतर ‘हँडल बदलून टाका.’ पुण्यात सिंहगड रोडवरच्या आमच्या सायकलच्या वर्कशॉपमध्ये हे कायमचंच. हे सर मात्र आले, उजव्या हाताची अनामिका माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “हिला कळतच नाही हो, शाईवर टेकलीये की नाही ते.”

सर तबला शिकवतात. धायरीहून सदाशिव पेठेत क्लासला सायकलने जातात, रविवारी खडकवासल्याच्या पुढे. ‘ना’ हा बोल वाजवताना तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर पडते आणि अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या कडेला हलकी टेकलेली लागते. जास्त दाबली तर बोल मरतो, उचलली गेली तर भलताच गुंजतो. सरांचं बिनसलं होतं ते तिथेच.

मी आधी एकच विचारतो: कुठल्या बोटांना मुंग्या येतात? अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर ती मनगटाच्या मधून जाणारी मीडियन नस. सरांची करंगळी आणि तिच्या बाजूची अर्धी अनामिका बधिर होत होती. म्हणजे अल्नर नस. ती तळहातात करंगळीच्या बाजूने शिरते आणि तिथे फारशी खोल नसते. हँडलवर आपण नेमका तोच भाग रेटतो. तरी नसांचं काम आपलं नव्हे, म्हणून डॉक्टरांना दाखवलं का तेही विचारलं. दाखवलं होतं. डॉक्टरांनी तळव्यावरचा दाब कमी करा म्हणून सांगितलं होतं.

सरांनी इलाजही ठरवून आणला होता: ड्रॉप हँडल, टोकं खाली वळलेलं. बीआरएमवाल्यांच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठणाऱ्यांच्या सायकलींना असतं ते. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर मारणाऱ्यांना त्यावर हाताच्या जागा बदलता येतात, हे खरंच आहे. पण सरांची सायकल हायब्रिड. सरळ हँडलची नळी ग्रिपपाशी २२.२ मिलिमीटर, ड्रॉपची २३.८. म्हणजे ब्रेक लिव्हर आणि गिअरचे शिफ्टर दोन्ही नवे. त्यात सरांचे व्ही-ब्रेक. त्यांना केबल जास्त खेचावी लागते, रोड सायकलच्या साध्या लिव्हरने ते नीट धरत नाहीत. शिवाय ड्रॉपवर हात आणखी पुढे जातात. हातावरचं वजन कमी करायचं तर हे उलटंच झालं.

“आधी बसून दाखवा,” म्हटलं. भिंतीला धरून बसले. सीटवर लेव्हल ठेवली तर बुडबुडा पार मागे. नाक चांगलंच खाली होतं. सीट टोचते म्हणून कुणीतरी तसं करून दिलं होतं. अशा सीटवर माणूस सारखा पुढे घसरतो आणि स्वतःला मागे ठेवायला दोन्ही हातांनी हँडल ढकलत राहतो. सगळा भार तळव्यांवर. ॲलन की घेऊन सीट सपाट केली, थोडी मागेही सरकवली. ब्रेक लिव्हर आडवे होते, त्यामुळे ब्रेकवर बोटं ठेवली की मनगट मागे मोडायचं. ते खाली फिरवले. माझं स्पष्ट मत आहे, हातांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. हँडलला हात सगळ्यात शेवटी लावावा.

सरांच्या बाबतीत मात्र लावावा लागला. मी त्यांच्या दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल दिली. “हात सैल सोडा आणि हँडल धरल्यासारखे पुढे करा.” पेन्सिली एका रेषेत राहिल्या नाहीत, दोन्हींची बाहेरची टोकं त्यांच्याकडे मागे वळली. मनगटाला आवडतो तो हा कोन. सरांचं हँडल जवळजवळ सरळ दांडकं होतं, शिवाय खांद्यांहून बरंच रुंद. मनगट मुरडल्याशिवाय ते धरताच येत नव्हतं.

मी मागे वळलेलं हँडल काढून दाखवलं. सरांचा चेहरा पडला. “अहो, हे तर दूधवाल्याच्या सायकलचं!”

“दूधवाल्याचे हात बधिर झालेले ऐकलेत का कधी?” मी म्हणालो. आता किटल्या घेऊन जाणाऱ्याला रस्त्यातल्या खड्ड्यांशिवाय दुसरं काय सुचणार म्हणा. पण सर हसले आणि ‘बसवा’ म्हणाले.

नळी २२.२चीच, त्यामुळे जुने लिव्हर आणि शिफ्टर जसेच्या तसे चढले. मधला भाग मात्र २५.४ आणि तो धरणारा स्टेम ३१.८चा, म्हणून मधली फट भरायला शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती घालावी लागली. ग्रिप मागे आले म्हणून स्टेम थोडा लांब घेतला. तळवा टेकायला पसरट पंख असलेले ग्रिप लावले, त्यांचा कोन सरांना बसवून पक्का केला. हा पंख चुकीच्या कोनात राहिला तर साध्या गोल ग्रिपपेक्षा वाईट.

पंधरवड्याने सर परत आले, तक्रार घेऊनच. जागेवर वळताना गुडघा हँडलच्या टोकाला लागतो. टोकं पाइप कटरने थोडी कापली, हँडल वर यावं म्हणून स्टेमखाली एक स्पेसर, म्हणजे कडं घातलं. बोटांचं विचारलं तर म्हणाले, क्लासला पोचल्यावर मुंग्या नसतात, लांबच्या रविवारी करंगळी अजून थोडी जड होते. मग ब्रेकच्या आतल्या बाजूला छोटे बार एंड, म्हणजे धरायला पुढे आलेली शिंगं लावून दिली, मधूनमधून पकड बदलायला. त्याचे पैसे देताना मात्र पेठी घासाघीस झालीच.