भोसरीहून चाकणला

मोशी ओलांडल्यावर जी कोंडी लागली ती तळेगाव चौकापर्यंत सुटली नाही. पीएमपीच्या खिडकीतून नव्याकोऱ्या गाड्या वाहणारे लांबलचक कंटेनर दिसत होते, मधूनच कांद्याच्या गोण्यांनी भरलेला टेम्पो. पूर्वी चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये लढवलेला संग्रामदुर्ग. २००९ मध्ये इथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि चाकणची मोटार मेक्सिकोपर्यंत जाऊ लागली.

चौकाजवळच्या मेसमध्ये शेजारी बीडचा एक मुलगा जेवत होता. "कंपनी मोठी आहे दादा, पण आम्ही ठेकेदाराचे," म्हणत त्यानं गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. त्यावर नावही ठेकेदाराचंच. समोर ओडिशाची पोरं. मेसवाल्या काकांची जमीन एमआयडीसीत गेली, आलेल्या पैशांतून त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. एकाच जागतिकीकरणानं प्रत्येकाच्या पदरात वेगळं घातलं होतं.

मला इंडोनेशिया आठवत राहिला. तिथले हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या तीस वर्षांत परकी भांडवल आलं, गरिबी खरोखर कमी झाली. पण मोठा धंदा सुहार्तोंचे नातलग आणि चिनी वंशाच्या मूठभर उद्योगपतींकडे आहे, हे लोकांना दिसत होतं आणि उघड बोलायची सोय नव्हती. १९९७ मध्ये रुपिया, म्हणजे तिथलं चलन, कोसळला. मे १९९८ मध्ये जकार्ता पेटलं, हजारावर माणसं गेली. चिनी वंशाच्या साध्या दुकानदारांची घरंदारं जळाली, बायकांवर अत्याचार झाले. २१ मे रोजी सुहार्तो पायउतार झाले. मलेशियानं १९६९ च्या मलय-चिनी दंगलीनंतर बहुसंख्य मलयांना आर्थिक वाटा द्यायचं धोरण आखलं, पेनांगमध्ये परदेशी कारखानेही आणले. मात्र मलयांच्या खास स्थानावर प्रश्न विचारणं राजद्रोहात धरलं.

चाकणही एकदा पेटलं होतं. ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात इथे बस जळाल्या. ते वाईटच झालं. पण ती मागणी पुढे विधिमंडळात गेली, सर्वोच्च न्यायालयात गेली, प्रत्येक निवडणुकीत उमेदवारांना तिच्यावर बोलावं लागलं. जकार्ताच्या माणसाला हे दरवाजे नव्हते, आणि माझ्या लेखी सगळा फरक त्यातच आहे.

निघताना ओडिशाच्या एका मुलाला विचारलं, इथे मतदान करतोस का? त्याचं नाव अजून गावच्याच यादीत. खोलीवर पाणी दिवसाआड येतं, पण त्याची तक्रार ऐकायला कुठला उमेदवार येणार? चाकणमध्ये मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती याचीच.