आंबा पिकवायचे तीन आकडे

सीझनला हापूसच्या पेट्यांची लेबलं करायचं काम येतंच, आणि बागायतदाराचं म्हणणं ठरलेलं, आंबा पिकलेला दिसूक व्हयो पण लिबलिबीत नको. आता हे कम्प्युटरला कसं सांगणार? त्याला कळतं फक्त लाल किती, हिरवा किती, निळा किती, तेही ० ते २५५ मध्ये. मी २५५, १६५, २० वरून सुरू करतो. हिरवा थोडा उतरवला की आंबा पिकतो, चढवला की परत पाडाचा होतो, निळ्याला मात्र हात लावायचा नाही, तो वाढला की आंबा आजारी दिसायला लागतो. अशी एकूण १,६७,७७,२१६ मिश्रणं होतात म्हणे, आणि गिऱ्हाईक त्यातलंही म्हणणार, अजून एखादो दाखव.

आमच्या काकांची कुडाळला गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना, आहे, रंगात आयुष्य गेलंय, त्यांना लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो हे काही केल्या पटत नाही. "शेणाचो रंग येता रे!" बरोबरच आहे त्यांचं, डब्यातला रंग उजेड खातो, जितके मिसळाल तितकं काळवंडतं. स्क्रीन उजेड फेकते, तिथे बेरीज होते, तिन्ही २५५ केले की पांढराशुभ्र. हे कम्प्युटरवाल्यांचं डोकं नाही हं, १८६१ सालीच मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञाने लाल, हिरव्या, निळ्या काचेतून उजेड एकावर एक पाडून लंडनमध्ये रंगीत फोटो दाखवला होता.

शेवटी पावसानेच काकांची समजूत घातली. पडवीत मोबाईलवर पिवळं चित्र उघडं होतं, त्यावर पागोळीचा एक थेंब पडला आणि थेंबाखाली सगळं मोठं दिसायला लागलं, बारीक लाल ठिपके, बारीक हिरवे ठिपके, पिवळा औषधालाही नाही. काका चष्मा वर करून बघतच राहिले, मग म्हणाले, "मगे पिवळो खय असा?" डोळ्यात, काका.

मला खरा छळतो तो जांभा दगड. तपकिरी नावाचा उजेडच नसतो, तो मंद केलेला नारिंगी, पांढऱ्यावर ठेवला तर चिरा दिसतो, काळ्यावर ठेवला तर निखारा. १५०, ७०, ४५ ला कोरडा गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, जमतो, तिन्ही आकडे सारखेच खाली आणले की तो भिजतो, आणि मग एकटा हिरवा शंभराकडे नेला की शेवाळ धरतं, खऱ्या गडग्याला त्यासाठी अर्धा पावसाळा लागतो.