पासवर्डची जागा रिकामी राहिली, म्हणून

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजून गेलेले, डोळे मिटायला आलेले, आणि फोनवर मेसेज : 'पत्ता अपूर्ण असल्याने तुमचं पार्सल परत जात आहे.' मी खरोखरच एका पार्सलची वाट बघत होते. लिंक उघडली. रंग तेच, बोधचिन्ह तेच, पान अगदी ओळखीचं. लॉगिन करा म्हणालं.

माझे सगळे पासवर्ड 'पासवर्ड मॅनेजर' नावाचं एक ॲप सांभाळतं. नेहमी तो स्वतःहून भरून मोकळा होतो. त्या रात्री चौकट रिकामीच राहिली. मला वाटलं, ॲप अडकलं असेल. मॅनेजर उघडला, पासवर्ड कॉपी केला, चिकटवायला बोट टेकवलं, आणि तिथे थांबले. याला आज झालंय काय?

काहीच झालं नव्हतं. मॅनेजर पानाचं रूप बघत नाही, फक्त त्या पानाचा इंटरनेटवरचा पत्ता बघतो. पत्ता जुळला नाही, म्हणून मॅनेजर गप्प राहिला. मग मीही पत्ता नीट वाचला. सुरुवातीला कंपनीचं नाव, पुढे डॉट कॉम, इथवर सगळं ठीक. पण त्यानंतर आणखी एक डॉट, एक लांबलचक शब्द आणि शेवटी डॉट टॉप. पत्ता शेवटाकडून वाचायचा असतो. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडल्या की पुढे जी पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधीचे दोन, कधी तीन शब्द म्हणजे खरा मालक. त्याच्या आधी कुणीही कुणाचंही नाव लावू शकतं.

आणि हो, कुलपाचं चित्रही होतं त्या पानावर. कुलूप म्हणजे खात्रीचं ठिकाण, असं मीही कित्येक वर्षं समजत आले. त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही पाठवलेलं वाटेत कुणी वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसलंय, हे ते सांगत नाही. हा गैरसमज इतका पसरला होता की 2023 मध्ये क्रोमने पत्त्याशेजारचं ते चित्रच बदलून टाकलं.

पैसे गेले नाहीत, पण झोप उडाली. त्याच रात्री सगळ्यात आधी ईमेलचा पासवर्ड बदलला. बँक असो वा दुकान, 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की नवा करण्याची लिंक बहुतेक वेळा ईमेलवरच येते. ईमेल गेला की बाकीची कुलपं उघडायला वेळ लागत नाही. तो पासवर्ड मी आणखी दोन ठिकाणी वापरला होता, हे लिहिताना आजही पोटात गोळा येतो. कुठल्याही एका साइटवरून फुटलेला पासवर्ड चोर इतर शेकडो साइटवर लावून बघतात, आणि ते काम यंत्र करतं.

मग दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड. एसएमएसवरचा कोड काहीच नसण्यापेक्षा बरा, पण कुणी तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं तर कोड त्याच्याकडे जातो. दर 30 सेकंदांनी कोड बदलणारं ॲप त्याहून चांगलं. तरी खोट्या पानावर तुम्ही तो कोड भरलात, तर चोर त्याच क्षणी खऱ्या पानावर भरून आत शिरू शकतो. पासकीचं, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्लीचं, तसं होत नाही. ती मूळ पत्त्याशीच बांधलेली असते, दुसऱ्या पत्त्यावर चालतच नाही. जिथे सोय आहे तिथे मी पासकी केली.

आईला यातलं सगळं सांगत बसले नाही. बँकेच्या नावाने फोन आला की आधी ठेवून द्यायचा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण करायचा, एवढं पक्कं करून घेतलं. आणि पत्ता वाचायला शिकवला.

परवा तिचा फोन आला. "अगं, खातं बंद होणार म्हणून मेसेज आलाय. लिंक उघडली नाही हं मी. थांब, शेवटाकडून वाचून दाखवते." आणि एकेक अक्षर लावत ती वाचू लागली.